भाऊजींची उतरती धावपट्टी

जव्हार

मी आयुष्यभर विमान उडवत आलो, लोकांना उडवायला शिकवत आलो, आणि तरी तोरंगणच्या घाटात एसटीत बसलो की मला मळमळतं. घरच्यांना याचं फार कौतुक आहे. त्यामुळे नाशिकहून जव्हारपर्यंतचा प्रवास मी डोळे मिटून आणि तोंडात आवळासुपारी धरून केला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

स्टँडवर उतरलो तर ताई रिक्षा घेऊन उभी. दरवेळी भाऊजी स्कूटरवर येतात, माझी बॅग पायात ठेवतात आणि घर येईपर्यंत मागे मान वळवून बोलत राहतात. मी विचारायच्या आत ताई म्हणाली, "स्कूटर दिली देऊन. गेल्या महिन्यात एका बाईच्या हंड्याला धडकले. बाई त्यांना दिसलीच नाही." एवढं बोलून तिने रिक्षावाल्याला चल म्हटलं.

भाऊजी म्हणजे माझ्या या थोरल्या बहिणीचे यजमान. आयटीआयमध्ये पोरांना लेथ आणि वेल्डिंग शिकवण्यात त्यांची नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक चारधाम करतात. यांनी सुटे भाग मागवून घराच्या पडवीत दोन माणसांचं विमान जोडायला घेतलं. ताई तेव्हा म्हणायची की सवत परवडली असती, ती निदान स्वयंपाकाला हात लावते. विमान झालं, आणि पोशेऱ्याच्या बाजूला त्यांच्या वाडवडिलांचा जो खडकाळ माळ होता, जिथे नागलीसुद्धा रुसून उगवायची, तिथे त्यांनी धावपट्टी काढली. तीही उतारावर, कारण त्या माळावर सपाट असं काही नव्हतंच.

आता काचबिंदूने त्यांच्या डोळ्यांच्या कडा खाल्ल्या आहेत. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचतात, सुईत दोरा ओवतात. पण बाजूचं जग गेलं. नळीतून बघावं तसं. विमान विदर्भातल्या एका डॉक्टरांनी विकत घेतलं होतं आणि ते माळावरून उडवून नाशिकजवळच्या आमच्या धावपट्टीवर आणायचं, एवढ्यासाठी मी गेलो होतो.

रात्रीच्या जेवणाला नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण आणि सुकट होती. आमच्याकडे नाशकात बाजरी आणि काळा मसाला. इथलं जेवण त्यामानाने शांत, पण उडदाच्या त्या वरणात लसूण असा काही उतरतो की मी दरवेळी एक भाकरी जास्त खातो. भाऊजी पानातलं सगळं नीट खात होते. फक्त डाव्या बाजूची चटणी तशीच राहिली होती. ताईने न बोलता ताट थोडं फिरवलं आणि त्यांनी चटणी खाल्ली.

"मेव्हणे," हात धुऊन आल्यावर ते म्हणाले, "विमान घेऊन जा. माझी काही तक्रार नाही. पण त्याआधी एकदा मला माळावर उतरवू दे. मी, माझ्या हाताने. एकदाच. शेवटचं उतरलो तेव्हा मला माहीत नव्हतं ना रे, की ते शेवटचं आहे."

नंतर भांडी विसळताना ताई म्हणाली, "शेजारी बसव त्यांना, फिरवून आण. पण उतरताना विमानाची दांडी त्यांच्या हातात देऊ नकोस. माझ्या गळ्याची शपथ." मी शपथ घेतली. तिचंही बरोबर होतं आणि त्यांचंही, आणि मी मधल्या मधे अडकित्त्यातल्या सुपारीसारखा.

माळ

ज्यांनी उतरती धावपट्टी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. माळाच्या वरच्या टोकाला डोंगर, खालच्या टोकाला दरी. त्यामुळे उतरायचं ते नेहमी दरीकडून डोंगराकडे, चढावर. उडायचं ते नेहमी डोंगराकडून दरीकडे, उतारावर. वारा कुठला का असेना. आणि उतरताना एकदा का माळाच्या जवळ आलात की बेत बदलायची सोय नाही, कारण पुढे डोंगर उभा. सपाट धावपट्टीवर चुकलं तर पुन्हा वर जाता येतं, परत यायचं. इथे एकच संधी.

जीपने सकाळी माळावर पोचलो तर धावपट्टीवर पिवळी फुलं वाळत घातलेली. मोहाची. वरच्या टोकापासून जवळजवळ मध्यापर्यंत, आणि वास असा की नुसत्या श्वासाने झिंग यावी. फुलांची मालकीण रखमी, तिथेच बसून काड्या वेचत होती. तिचा नवरा देवजी हा भाऊजींचा माळावरचा भागीदारच म्हणायचा. गवत देवजीचं, धावपट्टी भाऊजींची, असा त्यांचा जुना करार. गवत तो कापून नेतो म्हणून धावपट्टी साफ राहते, आणि साफ, उतरती, उन्हाची जागा मिळते म्हणून रखमी फुलं वाळवते. दोघांचे मुलगे-सुना भिवंडीकडे वीटभट्टीवर गेलेले. होळीला येऊन परत गेले. पाड्यात बहुतेक म्हातारी माणसंच.

"रखमे, उचल ना," भाऊजी म्हणाले. "पाहुणा आलाय. त्याला उडून बघायचंय."

"इमान उद्या पन उडंल," रखमी मान वर न करता म्हणाली. "फुला उद्यापावत काळी पडतील. पाव्हन्याला बसव सावलीला."

मी तीस-बत्तीस धावपट्ट्यांवर परवानगीसाठी थांबलो आहे, पण मोहाच्या फुलांसाठी पहिल्यांदाच. उन्हं कलेपर्यंत आम्ही मांडवात बसलो. गवताने शाकारलेल्या त्या मांडवात विमान, आणि विमानाच्या पंखाखाली आम्ही आणि एक कोंबडी. भाऊजी एकेक बोल्ट बोटाने चाचपून मला सांगत होते, हा जरा अडकून बसतो, हा दर महिन्याला बघत जा. नव्या मालकाला सांग. डॉक्टर आहे, माणसांची हाडं बघणारा, याच्याकडे लक्ष देईल का? मी म्हटलं, देईल. मला काय माहीत देईल का ते.

संध्याकाळी रखमीने फुलं टोपल्यात भरली आणि मी एकटाच उडालो. उडण्याची तऱ्हाही इथली वेगळीच. वरच्या टोकाला एक म्हातारं ऐनाचं झाड आहे. विमान त्याच्यापुढे दरीकडे तोंड करून उभं करायचं, बैलाच्या लांब कासऱ्याचं एक टोक झाडाला बांधायचं, कासरा शेपटीच्या कडीतून ओवून परत बुंध्याला वेढा द्यायचा आणि दुसरं टोक देवजीने धरायचं. नाहीतर उतारावर विमान इंजिन तापायच्या आतच चालू पडायचं. इंजिन पूर्ण जोरात आलं की आतल्याने हात वर करायचा. देवजी टोक सोडतो, कासरा बुंध्याभोवती सरसर फिरून कडीतून सुटतो, आणि विमान सुटलेल्या गोऱ्ह्यासारखं खाली धावतं. झाडाला वेढा असला की एक माणूस आरामात विमान धरून ठेवतो. ही युक्ती भाऊजींची की देवजीची, यावर दोघं अजून भांडतात.

उडणं छान झालं. उतरताना मात्र हात दाखवून अवलक्षण झालं. चढती धावपट्टी समोरून उभी दिसते, भिंतीला टेकवलेल्या पाटासारखी, आणि सपाटीवर वाढलेल्या माणसाला वाटतं की आपण फार उंच आहोत. मी खाली खाली येत गेलो. मला हे माहीत होतं, मी हे शिकवतो, आणि तरी डोळ्यांनी मला फसवलं. शेवटच्या क्षणी इंजिन वाढवलं, आणि दरीच्या कडेवरच्या करवंदीच्या जाळीला चाक घासून वर टेकलो. देवजीने पळत येऊन चाकांमागे दगड लावले.

चाकात करवंदीची फांदी अडकलेली. भाऊजींनी ती काढली, हिरवी करवंदं डोळ्यांसमोर धरून पाहिली. "तुझ्या ताईला लोणच्याला लागतात," ते म्हणाले. "पण एवढ्यासाठी विमान न्यायला नको होतं."

देवजी तोंड फिरवून हसला. मलाही हसू आलं. मग भाऊजी गंभीर झाले आणि उतरायचं कसं ते सांगायला लागले. मी त्यांचं ऐकत राहिलो. जिथे चाकं टेकायला हवीत तिथे देवजी डाव्या कडेला उभा राहतो, काठीला पांढरं फडकं बांधून. गुरं-शेळ्याही हाकलतो आणि खूणही होते. "समोर बघून जमीन किती जवळ आली ते कळत नाही," ते म्हणाले. "बाजूने देवजी सरकताना दिसतो, तेव्हा कळतं. तो खांद्याला आला की दांडी ओढायची. डोंगराकडे तोंड उचलायचं."

म्हणजे ज्या बाजूच्या नजरेवर ते आजवर उतरले, तीच आता नव्हती. हे त्यांनीच सांगितलं आणि त्यांच्याच लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल.

दाभोशावरून

दुसऱ्या दिवशी रखमी फुलं वेचून यायच्या आत आम्ही दोघं उडालो. भाऊजींनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताई आली नव्हती. ती म्हणाली, माझ्याने बघवणार नाही.

दोन सीट शेजारी शेजारी आणि मधोमध एकच दांडी, दोघांच्या हाताला येईल अशी. वर पोचल्यावर मी हात काढला आणि म्हटलं, "घ्या." शपथ उतरण्याची होती, उडण्याची नव्हती, अशी मी मनाची समजूत घातली. त्यांनी दांडी दोन बोटांत धरली. त्या क्षणी विमानाची थरथर थांबली. मी इतकी वर्षं शिकवतोय, पण असा हात फार थोड्यांचा पाहिला.

खाली सगळीकडे राब भाजत होते. भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी फांद्या-पाला जाळून जमीन तयार करतात, त्याचे धूर जागोजागी सरळ उठत होते. वारा नाही असं त्यावरून कळलं. जामसरच्या अंगाला शेतं रिकामी, करडी. मग दाभोसा आलं. धबधबा आता करंगळीएवढा होता, पण खालच्या डोहात आभाळ दिसत होतं. भाऊजी मान सारखी फिरवत होते, डावीकडे, उजवीकडे, खाली, पुन्हा डावीकडे. आधी मला वाटलं आनंदाने. मग कळलं की लेंडी नदी एका नजरेत मावत नाही म्हणून ते ती तुकड्या-तुकड्याने पाहतायत.

"कोरडी झाली का रे लेंडी?" हेडफोनमधून त्यांनी विचारलं.

"नाही. आहे पाणी."

"मला कुठे पाणी, कुठे खडक, जोडताच येत नाही." आणि थोड्या वेळाने, "तुझ्या ताईला एकदा आणायचं होतं इथवर. ती कधी बसलीच नाही. मी म्हणायचो, बसेल कधीतरी."

माझे डोळे भरून आले आणि मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

माळाकडे वळलो. दरीतून समोर धावपट्टी उभी दिसायला लागली. मी दांडीवर हात ठेवला तर त्यांचा हात तिथेच, घट्ट.

"भाऊजी."

"आहे माझ्याकडे," ते म्हणाले. "सरळ येतोय ना?"

सरळ येत होते. उंची बरोबर, वेग बरोबर, मी आलो त्याच्यापेक्षा शंभर पटीने सुरेख. ताईची शपथ माझ्या कानात वाजत होती, आणि मी, देवाशपथ, हात सैल सोडला. म्हटलं, जमतंय. उतरवू दे. होऊ दे एकदा. करवंदीची जाळी खालून गेली. समोर डावीकडे देवजी उभा होता, पांढरं फडकं उंच धरून. सकाळच्या उन्हात ते फडकं लांबूनसुद्धा लखलखत होतं.

भाऊजी मान पुढे काढून बघत होते. "देवजी कुठाय?" ते म्हणाले. "आज आला नाही का?"

देवजी दोन्ही हातांनी काठी हलवत होता.

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, पूर्ण मान वळवून, माझं तोंड नजरेच्या नळीत येईपर्यंत. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. त्यांनी दांडीवरून हात काढला आणि मांडीवर ठेवला.

"घे," ते म्हणाले.

मी घेतली. चाकं टेकली, जरा आदळून. इंजिनाच्या जोरावर वर ऐनापर्यंत आलो आणि बंद केलं. देवजी खालून धावत आला, चाकांमागे दगड सारले, आणि धापा टाकत भाऊजींच्या बाजूला येऊन उभा राहिला. हातात फडक्याची काठी तशीच.

"कुठं होतास रे?" भाऊजींनी विचारलं.

देवजीने माझ्याकडे पाहिलं. मग काठी हळूच पाठीमागे धरली. "येल झाला, दादा," तो म्हणाला. "आताच आलू. सकाळी शेळी सुटली व्हती."

भाऊजींनी पट्टा सोडला. "शेळी सापडली का?"

"सापडली."

"बरं झालं," भाऊजी म्हणाले, आणि उतरायला लागले. पायरी दिसेना म्हणून पाय हवेत चाचपडला, तेव्हा देवजीने तो धरून नीट पायरीवर ठेवला.

रखमीने भाजलेल्या मोहाच्या फुलांत तीळ कुटून लाडू केले होते, ते भाऊजींनी खाल्ले, बरे झालेत म्हणाले. घरी आल्यावर ताईने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मेव्हण्यांनी उतरवलं," ते म्हणाले. "आदळलं जरा." आणि झोपायला गेले.

निघताना

निघायच्या दिवशी ताईही माळावर आली. तिने विमानाच्या नाकाला हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला, आणि पदराने डोळे पुसत म्हणाली की मेली सवत चालली. रखमीने माझ्या बॅगेत सुकलेल्या फुलांची पुडी कोंबली. मी नको नको म्हणत होतो, ऐकतंय कोण. फुलं त्या दिवशी तिने न सांगता आधीच उचलली होती.

उन्हं चढली, राबाचा धूर डोंगराकडे झुकायला लागला, म्हणजे वारा दरीतून वर यायला लागला होता. उडायला तो चांगला. मी भाऊजींच्या पाया पडलो. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि बोल्टचं पुन्हा एकदा सांगितलं. मी आत बसलो, पट्टा आवळला, देवजीने दगड काढले, मी इंजिन सुरू केलं. जोर वाढवत नेला. विमान कासऱ्यावर ताणलं, सगळं अंग थरथरायला लागलं. मी हात वर केला.

विमान हललं नाही.

पुन्हा हात वर केला. वाटलं देवजीचं लक्ष नाही. मागे वळून पाहिलं तर देवजी रिकाम्या हातांनी बाजूला उभा होता. कासऱ्याचं टोक भाऊजींनी धरलं होतं. दोन्ही हातांनी, छातीशी. पंख्याच्या वाऱ्याने त्यांचा शर्ट फडफडत होता, धूळ तोंडावर येत होती. मला क्षणभर वाटलं, हात दिसला नसेल. पण ते सरळ माझ्याकडेच बघत होते, आणि समोरचं त्यांना स्वच्छ दिसतं.

मी तिसऱ्यांदा हात वर केला नाही. माझ्याच्याने होईना. इंजिन गरजत होतं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतो.

ताई पुढे आली. देवजीने तिला हाताने थांबवलं. तो स्वतः भाऊजींच्या मागे जाऊन उभा राहिला, त्यांच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवले आणि कानाशी काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही, आणि नंतर फोनवर विचारलं तर देवजी म्हणाला, कसला काय, कायच नाय. भाऊजींनी मान हलवली. मग त्यांची बोटं उघडली.

माळ खाली धावला आणि संपला. जाळीवरून दरीत आलो आणि विमान उचललं. वर आल्यावर माळाभोवती एक फेरी मारून पंख हलवायचे, हा भाऊजींचा रिवाज. त्यांच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा तसं करूनच जातो. मी फेरी मारली नाही, सरळ नाशिकची दिशा धरली. खाली ते तोंड वर करून आभाळभर मला शोधत बसले असते, आणि तेवढ्याशा नजरेत विमान काही सापडलं नसतं.